साधेपणाची कात्री आणि वाजंत्र्यांची मजुरी

चळवळीशी नाते असलेल्या घरात लग्न ठरले की पहिला प्रश्न खर्चाचा निघतो, आणि तो निघावा हे योग्यच आहे. हुंडा नाही, मानपान नाही, विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी आणि सायंकाळी इष्टमित्रांसाठी एक स्वागत समारंभ, एवढ्यावर दोन्ही घरे राजी होतात. मग खर्चाची यादी पुढे ओढून काटछाट सुरू होते. या काटछाटीत एक चमत्कारिक गोष्ट हमखास घडते. जेवणातला दुसरा गोड पदार्थ पाहुणे काय म्हणतील या धाकाने टिकून राहतो. वधूवरांच्या छबीचा रंगीत फलक राहतो, खुर्च्यांचे अभ्रे राहतात, छायाचित्रकार तर राहतोच राहतो. यादीतून पहिल्या फटक्यात उडतो तो वाजवणारा. ‘बाजा कशाला? साधेपणाने करायचे आहे ना!’ असे कोणीतरी म्हणतो आणि बाकीचे माना डोलावतात. साधेपणाची कात्री अशी त्या मांडवाशी संबंध येणाऱ्या सर्वांत गरीब माणसाच्या मजुरीवर सर्वांच्या आधी चालते, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

वाजवणारा गेला म्हणून मांडव मुका राहतो असेही नाही. घरातली तरुण मंडळी आदल्या दिवशी कोठूनतरी डीजेची गाडी ठरवतात. मुलांनी आपापसात वर्गणी काढली, या नावाखाली तो खर्च यादीच्या बाहेर पडतो आणि घरच्या कर्त्या कार्यकर्त्याचे तत्त्व शाबूत राहते. साधेपणाने केलेल्या लग्नाचा आवाज मग दोन कोसांवर ऐकू जातो.

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या मंगल कार्यालयांपेक्षा गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेड्यासारख्या गावी अधिक स्पष्टपणे उभा राहतो, आणि त्याचे कारण तेथल्या वर्षाच्या रहाटीत आहे. १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्याचा भाग असलेला हा मुलूख धानाचा, मोहफुलांचा आणि तेंदूपत्त्याचा आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चारही जिल्ह्यांचा जंगलपट्टा ‘झाडीपट्टी’ म्हणून ओळखला जातो, आणि त्याच नावाने ओळखली जाणारी एक जिवंत रंगभूमी येथे आहे. दिवाळीनंतर धान घरात येऊ लागले की गावोगावी मंडई भरते, शंकरपट होतात आणि त्यांच्या जोडीने रात्रभर नाटके होतात. वडशाच्या नाट्यमंडळ्या गावकऱ्यांच्या मागणीप्रमाणे रोज रात्री नव्या गावी तंबूत उभ्या राहतात. या नाटकांचे वैशिष्ट्य असे की त्यांतले संगीत यंत्रातून येत नाही. रंगमंचाच्या पुढ्यात पेटी किंवा ऑर्गन, तबला, ढोलक आणि अलीकडे ऑक्टोपॅड घेऊन वादक पहाटेपर्यंत बसलेले असतात. नट गातो त्या पट्टीत त्याला साथ देतात, तो चुकला तर सावरून घेतात, प्रेक्षकांनी एखादे पद पुन्हा मागितले तर पुन्हा वाजवतात. कुरखेडा तालुक्यातल्याच गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती या रंगभूमीवरील आयुष्यभराच्या सेवेबद्दल. तेव्हा या भागात वादक नाहीत, अशी तक्रार कोणाला करता येणार नाही.

होळीच्या सुमारास हा हंगाम सरतो. नट आणि वादक गावी परततात. मोहफुले वेचायला जातात, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडतात, काही जण मिरचीच्या तोडणीसाठी तेलंगणाची वाट धरतात. नेमका हाच चैत्र-वैशाखाचा काळ लग्नांचा. म्हणजे ज्या महिन्यांत मांडवांत संगीत हवे असते, त्याच महिन्यांत रात्र-रात्र संगीत देऊ शकणारी माणसे तासाभराच्या वाटेवर बिनकामाची किंवा अंगमेहनतीच्या कामावर असतात. तरीही मांडवात गाडीभर ध्वनिवर्धक येतात आणि तबलजी तेंदूच्या फडीवर पुडे बांधत असतो. याला बेकारी म्हणतात. ती सरकारने निर्माण केलेली नाही. ती लग्नघरांनी, त्यांत चळवळीतल्या लग्नघरांनीही, यादीवर काट मारून निर्माण केलेली आहे.

या रंगभूमीचा फार गौरव करण्याचेही कारण नाही. सवंग नाच आणि चालू सिनेमाची गाणी तिच्यातही शिरली आहेत आणि तिचे जुने चाहते त्याबद्दल कुरकुरतात. पण येथे मुद्दा अभिरुचीचा नाही, कामाचा आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत तो फार कठोरपणे दिसला. टाळेबंदीनंतर लग्नाला आधी ५० आणि एप्रिल २०२१ मध्ये तर अवघ्या २५ माणसांची, तीही दोन तासांत विधी उरकण्याची मर्यादा आली. त्या मर्यादेत घरचे नातेवाईकच मावेनात, तेथे वादकाला कोण मोजणार? तंबूही बंद आणि मांडवही बंद. साथ ओसरल्यावर मांडव पुन्हा भरले. पण मधल्या काळात अनेक घरांना वादकांवाचून लग्न करण्याची सवय लागून गेली होती.

इतके सांगून ‘स्थानिक वाजंत्री लावा’ असा उपदेश करून थांबता आले असते, तर विषय सोपा होता. तो तसा नाही. लग्नातले वाजवणे हे या देशात कधीच निव्वळ कलेचे काम नव्हते. ते जातीचे काम होते. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांत मांग आणि महार, छत्तीसगडच्या सीमेलगत गांडा, गोंडांच्या पुढे किंगरी वाजवणारे परधान, असे ज्याचे त्याचे वाजवणे ठरलेले होते, आणि ठरलेले होते म्हणजे नाकारता येत नव्हते. वाजवणारा वरातीच्या सर्वांत पुढे चालायचा आणि जेवायला सर्वांच्या मागून बसायचा, तोही मांडवाच्या बाहेर. त्याच्या वाद्याला मान होता. त्याला स्वतःला नव्हता. सनईशिवाय अक्षता पडत नसत, आणि सनईवाल्याची सावली अक्षतांवर पडलेली चालत नसे. या व्यवस्थेला ‘परंपरा’ म्हणून गोंजारणारे पुष्कळ आहेत. चळवळीच्या लोकांनी तरी त्यांच्या पंगतीला बसू नये.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने गावकीची जी कामे झिडकारली, त्यांत मेलेली गुरे ओढण्याबरोबर अनेक गावांत वाजवण्याचे कामही होते. हलकी समजली गेलेली ग्रामवतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ चा. पण त्याच्या कितीतरी आधी गावोगावच्या तरुणांनी गावकीचा बाजा खाली ठेवला होता. त्याबद्दल त्यांना मार खावा लागला, बहिष्कार सोसावा लागला. गावचे वाद्य बंद पाडले म्हणून आजही कोणी हळहळत असेल, तर त्याने हे लक्षात घ्यावे की तेथे बंद पडली ती वेठ होती.

आणि संगीत बंद पडले नाहीच. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चंद्रपुरात धम्मदीक्षेचे सोहळे झाले. त्यानंतर विदर्भाच्या वस्त्यावस्त्यांतून भीमगीतांचे जलसे आणि गायनपार्ट्या उभ्या राहिल्या. त्यांत पेटीवर बसणारी माणसे ज्या घरांतून आली, त्यांतल्या कित्येक घरांनी गावकीचा बाजा खाली ठेवलेला होता. वामनदादा कर्डकांची गाणी या भागातही पोचली ती अशाच पार्ट्यांमधून. बौद्ध समाजाच्या लग्नांत रात्री गायनाचा कार्यक्रम ठेवण्याची रीत आजही अनेक ठिकाणी टिकून आहे. तेथे गायक आमंत्रणावरून येतो, व्यासपीठावर बसतो, त्याचे नाव पत्रिकेत छापले जाते, ठरलेली बिदागी त्याच्या हाती पडते आणि यजमान त्याला जेवायचा आग्रह करतो. माणसे बहुधा त्याच समाजाची, सूरही फारसे निराळे नाहीत. बदलल्या त्या वाजवण्याच्या अटी. लग्नात जिवंत संगीत असावे की नसावे याची चर्चा करणाऱ्यांनी हा इतिहास पुढे ठेवला, तर त्यांना सनई की ढोलक, बँड की भजनीमंडळ, या प्रश्नाशी फार घोटाळावे लागणार नाही. वाद्य कोणतेही असो, ते कोणत्या अटींवर वाजते हे आधी पाहिले पाहिजे.

या इतिहासाची दुसरीही बाजू आहे आणि ती साधेपणाच्या उपदेशकांना अडचणीची आहे. ज्यांनी दुसऱ्यांच्या वराती पिढ्यान्‌पिढ्या वाजवल्या, त्यांना स्वतःची वरात वाजवत नेण्याची मुभा नव्हती. मे १९८० मध्ये उत्तर प्रदेशच्या तेव्हाच्या अल्मोडा जिल्ह्यात कफल्टा गावी पालखीतून चाललेल्या दलित नवरदेवाच्या वरातीवरून तंटा झाला आणि १४ दलितांना ठार मारण्यात आले. २०१८ साली त्याच राज्यात कासगंज जिल्ह्यातील निजामपूरला एका दलित नवरदेवाला वाजतगाजत वरात नेण्यासाठी कोर्टकचेरीच्या वाऱ्या कराव्या लागल्या, आणि अखेर पोलिसांच्या पहाऱ्यात ती निघाली. अशा देशात, कालपर्यंत ज्याच्या दारी बाजा वाजू दिला जात नव्हता, त्याने कर्ज काढून बँड लावला तर त्याला ‘उधळपट्टी’ म्हणून हिणवण्याचा अधिकार तीन पिढ्या चौघडा ऐकलेल्या घरांना पोचत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजने गात गात लग्नातील उधळपट्टीवर कोरडे ओढले ते सर्वांसाठी, आणि वऱ्हाड-नागपूरकडच्या खेड्यांनी ते ऐकून घेतले. सांगणारा आपल्यातला होता आणि त्याच्या हातात वाद्य होते, हे त्याचे मोठे कारण असावे.

समाजवादी चळवळीला तर संगीताचे वावडे असण्याचे काहीच कारण नव्हते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रभर गाऊन आणि नाचून विचार पोचवला. लाल बावट्याच्या कलापथकात अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांचा डफ घुमला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तो सभेच्या भाषणांहून पुढे गेला. ज्या चळवळीने सभेला डफ लावला, तिच्या घरच्या मांडवात डफवाल्याला जागा नसावी, हा विसंवाद कोणाच्या फारसा लक्षात आलेला दिसत नाही. साधेपणा म्हणजे रुक्षपणा हे समीकरण चळवळीत केव्हा आणि कसे रूढ झाले याचा एकदा कोणीतरी शोध घेतला पाहिजे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासून जे विवाह लावले, त्यांत भटजीची दक्षिणा वाचली. तिचे कारण स्वच्छ होते. भटजी जातीच्या अधिकाराने घेत होता. वाजंत्र्याची मजुरी वाचवण्याला असे कोणतेही कारण देता येत नाही.

आता डीजेकडे वळले पाहिजे. त्याच्यावर तोंडसुख घेणे सोपे आहे आणि म्हणूनच थोडे जपून केले पाहिजे. तालुक्याच्या गावी डीजेची गाडी चालवणारा हा पुष्कळदा पदवी घेऊन नोकरी न मिळालेला, कर्जाने यंत्रे उचललेला एखादा तरुणच असतो. तो काही भांडवलशहा नव्हे. हप्ता चुकला तर गाडी ओढून नेली जाते ती त्याचीच. पण त्याच्या धंद्याची रचना अशी आहे की लग्नघराने दिलेल्या पैशाचा मोठा भाग यंत्रांच्या हप्त्यांत, जनित्राच्या डिझेलमध्ये आणि गाडीभाड्यात जातो, आणि हाताने काम करणाऱ्याच्या वाट्याला त्यातला लहानसा तुकडा येतो. पाच वादकांना दिलेला पैसा त्याच आठवड्यात कुरखेड्याच्या किराणा दुकानात आणि औषधाच्या दुकानात येतो. अर्थशास्त्र यापेक्षा अवघड करून सांगण्याची गरज नाही.

आवाजाचा प्रश्न मात्र निव्वळ आवडीनिवडीवर सोडून देता येणार नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्या जागेत ध्वनिवर्धक वाजवण्यास मनाई आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालयापासून १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्रात येऊ शकतो. २०१० च्या दुरुस्तीने रात्रीच्या मनाईत वाद्येही आली, तेव्हा ढोलकवाल्याने आपण सुटलो असे समजू नये. नियम आहेत, पण लग्नघराच्या दारात जाऊन ते सांगायचे कोणी? ज्या कार्यकर्त्याने गणेशोत्सवातल्या भिंतींएवढ्या कर्ण्यांविरुद्ध निवेदन दिले, त्याच्याच पुतण्याच्या स्वागत समारंभात उपजिल्हा रुग्णालयातल्या बाळंतिणीची झोप उडत असेल, तर पुढच्या निवेदनाला वजन राहत नाही.

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती लोकांनी, मुख्यतः स्त्रियांनी, लढून मिळवलेली आहे. डीजेच्या गाडीमागे अंधारात काय चालते हे तेथल्या बायांना सांगावे लागत नाही. मध्य प्रदेशातल्या झाबुआकडच्या आदिवासी समाजाने गेल्या काही वर्षांत दहेज, दारू आणि डीजे या तिन्हींना एकत्र विरोध सुरू केला, तो या अनुभवातूनच. ही तिन्ही गावे लुटणारी आहेत हे त्यांना कोणा पुढाऱ्याने शिकवले नाही.

यावर तरुणांचा आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. ते म्हणतात, नाचायचे आहे. नाचणे हा गुन्हा नव्हे. गोंड-माडियांच्या लग्नात रात्रभर नाचले जाते, बाया आणि पुरुष हातात हात गुंफून नाचतात, आणि रेलाची गाणी त्यांच्याच गळ्यांतून येतात. त्या नाचाला कोणी असभ्य म्हणणार नाही. गाडीसमोर मात्र पुरुषच नाचतात आणि बाया कडेला उभ्या राहून, पदर सावरत पाहतात, हे कोणत्याही वरातीत डोळे उघडे ठेवले तर दिसते. तेव्हा ज्या संगीतावर घरातल्या बाया निर्धास्तपणे नाचू शकतील ते निवडावे, ही कसोटी डेसिबलच्या कसोटीपेक्षाही अधिक कामाची ठरेल. हळदीची गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या अजून खेड्यांत आहेत. कर्ण्यांसमोर त्यांचा आवाज पोचत नाही म्हणून त्या गप्प बसतात, आणि त्यांना गाणी येत नाहीत असा समज नव्या सुना करून घेतात.

जिवंत वाजवणे हा स्वतःच काही गुण नव्हे, हेही सांगितले पाहिजे. नागपूरकडचे संदल आणि नागपूर-छत्तीसगडकडून आलेले धुमाल ही जिवंत माणसांनी वाजवायची वाद्यवृंदे आहेत. त्यांत हात खरोखर दुखतात आणि कौशल्यही असते. पण ट्रकवर ध्वनिवर्धकांची भिंत रचून ते वाजू लागले की रुग्णालयातल्या बाळंतिणीला डीजे आणि धुमाल यांतला फरक कळण्याचा संभव नसतो. पितळी बँडचीही कथा निराळी नाही. छावण्यांतल्या गोऱ्या पलटणींची वाद्ये लग्नाच्या वरातीत आली. ती वाजवणाऱ्यांविषयी ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने २००५ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. बँडचा मालक आणि हंगामापुरते गावाकडून आणलेले, उचल घेऊन बांधले गेलेले वादक, हे त्यातले चित्र ऊसतोडणीच्या मुकादमीची आठवण करून देणारे आहे. तेव्हा बँड ठरवताना मालकाशी सौदा करून मोकळे होऊ नये. वाजवणाऱ्यांना त्यातले किती मिळते हे विचारावे. विचारण्याचा संकोच वाटत असेल तर निदान वरातीत डोक्यावर बत्त्या घेऊन चालणाऱ्या बायांची मजुरी विचारावी. त्या प्रकाश धरतात आणि कोणत्याही छायाचित्रात दिसत नाहीत.

कायद्याची एक गंमत येथे नोंदवण्यासारखी आहे. लग्नात वाजवलेल्या गाण्याच्या हक्कांविषयी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे. विवाहाशी निगडित समारंभांना त्याने सूट दिली आहे आणि केंद्राने जुलै २०२३ मध्ये तसा खुलासाही केला. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये याच विषयावर परिपत्रक काढले, तेव्हा ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्या उच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते रद्द करून घेऊन आल्या. गाण्याच्या मालकासाठी इतके वकील उभे राहतात. त्या रात्री ढोलक वाजवून हाताला फोड आलेल्याचे पैसे यजमानाने ‘उद्या या’ म्हणून बुडवले, तर तो कोणत्या न्यायालयात जाणार? वृद्ध कलावंतांना राज्य सरकार मानधन देते. २०२४ मध्ये ते दरमहा ५००० रुपये झाले आणि ते हवेच होते. पण तरुणपणी मजुरी बुडवायची आणि म्हातारपणी मानधन मंजूर करायचे, हा व्यवहार समाजाला भूषणावह नाही.

मग कुरखेड्याच्या मांडवात नेमके काय करावे? स्वागत समारंभ हा प्रकारच मुळी शहरातून आलेला. वधूवर उंचावर सिंहासनासारख्या खुर्च्यांत बसतात, पाहुण्यांची रांग लागते, आणि संगीत असलेच तर ते कोपऱ्यात कोणाचे लक्ष नसताना चाललेले असते. ही मांडणी प्रथम मोडावी लागेल. पाचसहा वादकांचा संच, एक पेटी, एक तबला-ढोलक, एक बासरी किंवा सनई, एखादी टाळांची जोडी आणि दोन गाणारे, एवढ्यावर दोनतीनशे माणसांचा मांडव सहज भरतो, मात्र त्यांना मध्ये बसवावे लागते, जनरेटरशेजारी नव्हे. एखादा साधा ध्वनिवर्धक पुरतो. पहिला तास पेटीवाल्याने आपल्या मनाने वाजवावे. फर्माइशी नंतर. झाडीबोलीतली गाणी, गोंडी गाणी, नाट्यपदे, भीमगीते, जुन्या सिनेमातली चारदोन गाणी, असे त्यांना येत असलेले सारे चालावे. समाजवादी घर आहे म्हणून क्रांतिगीतेच वाजवा असा आग्रह कृपा करून कोणी धरू नये. मध्ये अर्धा तास घरच्या बायांना गाण्यासाठी मोकळा ठेवला, तर वादकांनाही चहा पिता येतो. साडेनऊला शेवटचे गाणे आणि दहाच्या आत वाद्ये खोळीत.

बिदागी आधी ठरवावी, निम्मी इसार म्हणून द्यावी आणि उरलेली वाद्ये बांधायच्या आधी द्यावी, नंतर नव्हे. जाण्यायेण्याची सोय यजमानाची. रात्री वडशाला परतायचे साधन नसेल तर निजण्याची व्यवस्थाही त्याचीच. नोटा ओवाळून फेकणे, नोट दातांत धरून वादकाला ती तोंडाने उचलायला लावणे, हे प्रकार घरच्या तरुणांना आदल्या दिवशीच स्पष्टपणे मना करावेत. कोणी हौसेने बक्षीस देऊ पाहिले, तर ते वादकांसमोरच्या ताटात ठेवावे आणि त्यांनी ते आपसांत वाटून घ्यावे. पत्रिकेत ‘संगीत’ म्हणून त्यांची नावे छापावीत. स्वागतेच्छुकांची चाळीस नावे छापायला जागा निघते, तेथे सहा आणखी मावतात. आणि ही माणसे पहिल्या पंगतीला बसावीत. वाजवणे सुरू होण्यापूर्वी, सातच्या सुमारास, वधूवरांच्या आईवडिलांबरोबर त्यांचे जेवण व्हावे. यात काही नवल वाटण्याचे कारण नाही. पण ज्या गावात अशी पंगत आजवर बसलेली नाही, तेथे ती बसणे हे लग्नाच्या नोंदणीइतकेच महत्त्वाचे कार्य होईल, आणि त्यावरून गावात चर्चा झाली तर ती झालेली बरी.

वाजवणारा एकाच जातीचा शोधू नये, आणि जो परंपरेने वाजवत आला पण आता वाजवू इच्छित नाही त्याला गळ घालू नये. वरोऱ्याच्या आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी उभ्या केलेल्या ‘स्वरानंदवन’ने, समाजाने दृष्टीआड केलेल्या माणसांना व्यासपीठावर बसवून दाखवले. कोणी वाजवावे याविषयीच्या जुन्या कल्पना किती पोकळ होत्या हे त्याच चंद्रपूर जिल्ह्यात अनेकांनी पाहिलेले आहे. तालुक्यातल्या आश्रमशाळांतल्या मुलामुलींना पेटी-तबला शिकवण्याची सोय झाली, तर दहा वर्षांनी वादकांत मुलीही दिसू लागतील. हे काम मात्र एका लग्नाने होणारे नाही. ग्रामसभांकडे तेंदूपत्त्याचा जो पैसा येतो त्यातून गावासाठी एक पेटी आणि एक तबल्याची जोडी घेणे त्यांना अशक्य नसावे, आणि तसा ठराव मांडायला कोणत्याही पक्षाची हरकत असणार नाही.

एक अडचण वेळेची आहे. लग्नघर जागे होते ते पत्रिका छापून झाल्यावर, चैत्र निम्मा सरला की. तोवर झाडीपट्टीचे वादक पांगलेले असतात. कोणी मोहाखाली असतो, कोणी तेलंगणात मिरचीच्या शेतावर, आणि मग हाताशी उरतो तो डीजेवाला. नाटकांचे तंबू होळीच्या सुमारास उठतात. तेव्हा ज्यांच्या घरी वैशाखात लग्न आहे त्यांनी फाल्गुनातच एखाद्या रात्री नाटकाला जावे, तिकीट काढून पहाटेपर्यंत बसावे, कोण कसे वाजवतो ते नीट ऐकावे, आणि पडदा पडल्यावर वाद्ये आवरली जात असतानाच पेटीवाल्याशी बोलून त्याच्या हातावर इसार ठेवावा.